पथारी टाकायची कुठे?

गाव आणि शहर : लेखांक ११

या आठवड्यात पाण्यावर लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या रविवारी. मध्येच उदगीरहून एका वाचकभगिनींचं पत्र आलं आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणं मला बरं वाटेना.

त्या लिहितात : "तुमचा मागचा लेख मुलीला वाचून दाखवला. पगार, भाडं, भाजीपाला, जाण्यायेण्याचा वेळ, दवाखाना, सगळा हिशेब त्यात आहे. पण तुमचा हिशेब दुसऱ्या महिन्यापासून सुरू होतो. हिला पुण्यात नोकरी लागली आहे. तिथे आमचं कुणीच नाही. पहिला पगार हातात पडेपर्यंत तिने राहायचं कुठे, ते तुम्ही लिहिलंच नाही."

गाव बरं की शहर बरं, हा वाद आपण घालतो तेव्हा माणूस दोन्हीकडे आधीच घर करून बसला आहे असं धरून चालतो. खरं तर मधे एक उंबरा आहे. शहरातलं पहिलं छप्पर ज्याला मिळतं त्याच्यासाठी शहराचे फायदे. ज्याला मिळत नाही, तो महिनाभरात परत येतो आणि लोक म्हणतात, त्याला शहर मानवलं नाही. इतकी वर्षं हा विषय धरून बसल्यावर माझं मत असं झालं आहे की शहरात कोण टिकणार याचा निकाल पगारापेक्षा पहिल्या दोन-तीन महिन्यांच्या मुक्कामावर जास्त लागतो. आणि मौज अशी की शंभर वर्षांपूर्वी मुंबईत आलेल्या निरक्षर गिरणी कामगाराची ही सोय आजच्या इंजिनियर मुलीपेक्षा बरी होती.

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला उभारायला घेतली. पुढच्या काही दशकांत लालबाग, परळ, वरळी, शिवडीपर्यंत गिरण्यांची धुराडी उभी राहिली. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुण्याचा जुन्नर-आंबेगाव पट्टा, सगळीकडून माणसं आली. येणाऱ्याच्या खिशात पत्ता एकच असायचा : आपल्या गावचा गाळा. चाळीतली एक खोली गावच्या मंडळींनी भाड्याने घेतलेली. कोकणातले तिला गावकीची खोली म्हणत, घाटावरचे गाळा म्हणत. दहा बाय बारा, फार तर दहा बाय सोळाची जागा आणि तिच्यात वीस-पंचवीस बाप्ये. हे जमायचं कसं, असा प्रश्न पडेल. जमायचं, कारण गिरणी तीन पाळ्यांत चाले. पहिल्या पाळीचे निघाले की रातपाळीचे येऊन आडवे होत. भिंतीला लागून प्रत्येकाची ट्रंक, दोरीवर वळकट्या. उन्हाळ्यात गॅलरीत, नाहीतर थेट रस्त्याच्या कडेला पथारी.

पण गाळा म्हणजे फक्त जागा नव्हती, आणि मला त्याचं जे कौतुक वाटतं ते याच कारणाने. नव्या पोराकडून लगेच वर्गणी कुणी मागत नसे. कामाला लागला की देईल. त्याला गिरणीत माणसं भरणाऱ्या जॉबरकडे कोण नेणार, बदली कामगाराचं कार्ड कसं मिळवायचं, हे गाळ्यातलाच जुना माणूस बघे. पत्र लिहून देणारा, मनीऑर्डरचा फॉर्म भरून देणारा तिथेच असे. आजारी पडला तर गावी पोचवायची जबाबदारी सगळ्यांची. आज आपण अनामत, दलाली, ओळखपत्र, नोकरीची शिफारस, विमा या सगळ्यांसाठी वेगवेगळ्या दारांत उभे राहतो. ते सगळं या एका खोलीत होतं आणि तारण होतं ते गावाच्या ओळखीचं. पोरगं लबाडी करून पळालं तर त्याचं घर कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं.

गोव्याच्या ख्रिस्ती मंडळींनी हीच गोष्ट आणखी शिस्तीने केली. धोबीतलाव, कावेल, माझगाव भागात त्यांचे क्लब होते, म्हणजे गावागावाचे कूड. एकेकाळी त्यांची संख्या शेकड्यांत होती आणि काही अजून चालू आहेत. मेट्रो सिनेमासमोरच्या जेर महाल इमारतीत कुणी गेलं तर दारांवर गोव्यातल्या गावांची नावं वाचायला मिळतात. बोटीवर काम करणारे खलाशी दोन सफरींच्या मधल्या काळात इथे उतरत. भाडं नाममात्र, प्रत्येकाची पेटी, एका भिंतीला गावच्या संताची वेदी आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायचा नियम. गावचं फेस्त तिकडे होई तसं इकडेही होई. मुंबईत राहून गाव सुटू द्यायचं नाही, याची एवढी पक्की व्यवस्था मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

आता जेवण. गाळ्यातल्या बाप्यांना रांधणाऱ्या बायका त्याच चाळीत राहत. महिन्याच्या बोलीवर दोन वेळचं जेवण, पैसे पगार झाल्यावर. महिनाभर धान्य, रॉकेल, मसाला त्या बाईने स्वतःच्या हिमतीवर उभा करायचा, म्हणजे बहुधा सावकाराकडून चढ्या व्याजाने. गिरणगाव या बायकांच्या उधारीवर जेवत होतं असं म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती नाही. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या खानावळवाल्या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं, ते याच सावकारीतून सोडवण्यासाठी. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा कितीतरी कामगार गावाकडे गेले. बायका आणि त्यांची थकलेली खाती मुंबईतच राहिली. संपाबद्दल एवढं लिहिलं गेलं आहे, पण त्या उधारीचा हिशेब कुणी मांडलेला माझ्या वाचनात नाही. तो मांडायला हवा होता.

गाळ्याचं एवढं गुणगान केलं तरी त्याची दुसरी बाजू सांगायलाच हवी. गाळा पुरुषांचा होता. उदगीरच्या त्या मुलीला तिथे जागा मिळाली नसती. आणि गाळा गावकीचा होता, म्हणजे गावकीत ज्यांना धरत नसत त्यांचा नव्हता. गावातली वस्ती जशी वेगळी, तसा मुंबईतला मुक्कामही वेगळा. शहरात जात विचारत नाहीत, हे लोकलच्या डब्यात बऱ्याच अंशी खरं आहे. खोली भाड्याने घेताना ते खरं नव्हतं आणि आजही पुरतं नाही.

कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत ते पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडा म्हणाला. ओळखीच्यांकडेही आसरा मिळाला नाही. मुंबईची गाडी रात्रीची होती, तोवरचा वेळ त्यांनी कमाठी बागेत बसून काढला. हे त्यांनीच लिहून ठेवलं आहे. नोकरी होती, पदवी होती, दरबारचा पाठिंबा होता, छप्पर नव्हतं म्हणून शहर सोडावं लागलं. मुंबईत मात्र परळच्या बीआयटी चाळीत त्यांचं कुटुंब राहू शकलं. १८९६ च्या प्लेगनंतर सरकारने १८९८ मध्ये सुधार ट्रस्ट नेमला, त्याने या चाळी बांधल्या. १९२० च्या दशकात बीडीडी चाळी आल्या. लहान खोल्या, सामायिक संडास, सगळं खरं. तरी ज्यांना गावकीच्या गाळ्यात जागा नव्हती अशा हजारोंना मुंबईत पाय टेकता आले ते अशा चाळींमुळे. म्हणून नुसत्या गावकीच्या भरवशावर हा प्रश्न सोडू नये असं मी म्हणतो.

मग ही सोय गेली कुठे? गिरण्या बंद पडल्या हे अर्धं कारण. दुसरं कारण कायद्याचं आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीला बांधून टाकली. त्या कायद्याने गरीब भाडेकरूंना उघड्यावर येण्यापासून वाचवलं, त्याला मी दोष देणार नाही. पण भाड्याने देण्यासाठी चाळ बांधण्यात मालकाला काही उरलं नाही, आणि नव्या चाळी बांधणं थांबलं. पुढचं शहर मालकीच्या फ्लॅटचं झालं. फ्लॅट विकत घेता येतो किंवा अनामत भरून अकरा महिन्यांसाठी घेता येतो. वर्गणी देऊन, कामाला लागल्यावर हिशेब करू म्हणून, तो मिळत नाही.

आज गाळ्याची जागा कॉट बेसिसने घेतली आहे. पुण्यात सदाशिव किंवा नारायण पेठेत कुठल्याही विजेच्या खांबावर ही जाहिरात दिसते. बीड, परभणी, धाराशिवहून स्पर्धा परीक्षेसाठी आलेली मुलं एका खोलीत चार-पाच कॉट टाकून राहतात, दिवस अभ्यासिकेत काढतात, मेसचा डबा लावतात. खाडा धरायचा तर आधी सांगावं लागतं. बाहेरून पाहिलं तर गाळाच. पण त्याला गाव नाही. एका खोलीतली पोरं चार जिल्ह्यांची, आणि भाडं थकलं तर कॉट दुसऱ्याची. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा पेठा रिकाम्या झाल्या, पोरं गावी गेली आणि रिकाम्या कॉटच्या भाड्यावरून वाद सुरू झाले. उलट, संपात गावी गेलेल्या कामगाराची ट्रंक गाळ्यात आपल्या जागी राहत असे.

हे फक्त पुण्या-मुंबईचं नाही. पुणेकराला लातूर लहान गाव वाटेल, पण औसा-निलंग्याच्या खेड्यांतल्या घराला लातूर हेच शहर. अकरावी-बारावीच्या शिकवण्यांसाठी पोरं तिथे येतात, आणि कितीतरी घरांत आई पोरासोबत खोली करून राहते. दोन वर्षं बाप शेतावर एकटा. शहराच्या उंबऱ्याची ही किंमत कुठल्या जमाखर्चात धरायची? या बायकांवर एक अख्खा लेख व्हायला हवा आणि तो मी लिहिणार आहे.

या बाबतीत महाराष्ट्रात कुणी रस्ता दाखवलाच नाही असं नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहं उभी करवली. जागा आणि पैसा दरबारचा, चालवणं त्या त्या समाजाचं. कोल्हापूर तेव्हा काही मोठं शहर नव्हतं. पण खेड्यातल्या पोराला शाळेआधी छप्पर लागतं हे तिथल्या राजाला कळलं होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ मध्ये बोर्डिंग काढलं ते सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवून. पुण्यात अच्युतराव आपटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली, तिच्या वसतिगृहांत राहून खेड्यांतल्या मुलामुलींच्या पिढ्या शिकल्या. मुलींच्या बाबतीत तर छप्पर आधी आणि शिक्षण मागून असाच क्रम होता. कर्व्यांचं हिंगणं हे आधी राहण्याचं ठिकाण होतं, म्हणून तिथे शिकता आलं. हे सगळं विद्यार्थ्यांसाठी. नुकतीच नोकरी लागलेल्या, अजून पगार न झालेल्या माणसासाठी असं काही आपण उभं केलं नाही, आणि आज गाव सोडणाऱ्यांत ही माणसं थोडी नाहीत.

उदगीरच्या बाईंना माझं सांगणं असं. नोकरदार महिला वसतिगृहांची केंद्र सरकारची योजना १९७२-७३ पासून आहे. पुण्यात अशा वसतिगृहांत जागा कमी आणि मागणी फार, तेव्हा रुजू होण्याच्या तारखेची वाट न पाहता नियुक्तिपत्र मिळताच अर्ज करा. खाजगी ठिकाणी पैसे देण्याआधी मुलीने एकदा संध्याकाळी, दिवे लागल्यावर, ती जागा आणि रस्ता पाहून यावं. अनामतीची पावती घ्या. फ्लॅट घेणार असाल तर करार अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात तो नोंदवावा लागतो आणि नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, हे १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्यात आहे. नुसत्या स्टँपपेपरवर भागवू म्हणणाऱ्याला नाही म्हणा.

आणि एक मागणं पुण्या-मुंबईत स्थायिक झालेल्या गावोगावच्या मंडळींकडे. तुमची मित्रमंडळं आहेत, माजी विद्यार्थ्यांचे संघ आहेत, वर्षातून एकदा स्नेहमेळावा होतो. त्याच वर्गणीतून गावाच्या नावाने एक फ्लॅट भाड्याने घ्या. नव्याने आलेल्याला तीन महिने तिथे राहू द्या, पैसे पगार झाल्यावर घ्या. दुसरा फ्लॅट मुलींसाठी घ्या आणि जमल्यास तोच आधी घ्या. गावचा आहे एवढं पुरे, आडनाव विचारू नका.

तुमच्या गावचा गाळा किंवा कूड अजून चालू असेल तर त्याचे नियम, वर्गणी आणि सध्या तिथे कोण राहतं ते मला लिहून कळवा. पुढच्या रविवारी पाणी, आणि सुरुवात लातूरपासून.