जुन्या मोटारीतील दोषसंकेत व तप्त इंजिनाची समस्या : एक विवेचन

यवतमाळ जिल्ह्यातील नेर येथे भर उन्हाळ्यात, सकाळी सहज सुरू झालेली जुनी पेट्रोल मोटार बाजारात थोडा वेळ थांबवल्यावर पुन्हा सुरू होत नसेल, तर केवळ दोषसंकेतावर विसंबणे योग्य ठरत नाही. ‘पी ०११८’ हा संकेत कूलंट-तापमान सेन्सरच्या परिपथातील अधिक व्होल्टेज दर्शवितो. सेन्सरच निकामी आहे, असे तो सिद्ध करीत नाही. तुटलेली तार किंवा सैल जोडणीही त्यास कारणीभूत असू शकते. उलटपक्षी, तप्त इंजिन थंड असल्याचे सेन्सर दर्शवीत असेल, पण त्याचे मापन विहित मर्यादेत असेल, तर संकेत उमटतही नाही. मात्र जादा इंधन जाऊन स्पार्क प्लग ओले होतात. तापमान वाढताच या सेन्सरचा विद्युतरोध घटावयास हवा. म्हणून थंड व तप्त अशा दोन्ही अवस्थांत तो मोजावा आणि मगच सुटा भाग बदलावा; अन्यथा खर्च होऊनही मूळ दोष कायम राहतो.