गिटार खरखरतेय? आधी जागा शोधा
तारा बदलायची घाई नको. खरखर फक्त मोकळ्या तारेवर येत असेल, तर नटची खाच बहुधा खोल गेलीय. एकाच फ्रेटवर येत असेल, तर त्याच्या पुढचा फ्रेट उंच असणार. पहिल्या चार-पाच फ्रेट्सवर असेल, तर संशय गिटारच्या मानेवर! तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. सातव्यापाशी तार आणि फ्रेट यांत साधारण ०.२ मिमी फट दिसायला हवी. अजिबात नसेल तर मानेतला ट्रस रॉड पाव फेराच सैल करा, पुन्हा सूर लावा, मग तपासा. इथे उत्साह आवरा, रॉड तुटला तर महागात पडतं.

पावसाळ्यात नीट वाजणारी अकूस्टिक कोरड्या हवेत खरखरू शकते: लाकूड आकसतं, तारा खाली येतात. कधी मात्र दोष नुसत्या ढिल्या स्क्रूचा निघतो!