घरच्या टाकीत शिकारी मासे पाळायचे तर



शहरात शिकणारी आपली मुले सुटीत घरी येतात ती कधी कधी काचेच्या मोठ्या टाकीचे वेड घेऊन. त्यांना इवले शोभेचे मासे नको असतात. दुसऱ्याला गिळणारे, हात-दीड हात वाढणारे शिकारी मासे हवे असतात. हौस जरूर करू द्यावी, मात्र आधी थोडा हिशेब मांडावा.

सहा फूट लांब, अडीच फूट रुंद व तेवढ्याच उंचीची टाकी भरली की हजार लिटरांवर पाणी बसते. म्हणजे शंभर किलोची दहा पोती पंधरा चौरस फुटांत! माळवदावर ती ठेवू नये. पक्क्या जोत्याची खोली हवी. अंगणात सिमेंटचा हौद बांधला तरी चालेल. पण नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो, म्हणून तो भरून, काही दिवस ठेवून, चार-पाच वेळा उपसावा.

मासे लगेच सोडू नयेत. माशांच्या विष्ठेतून व कल्ल्यांतून अमोनिया निघतो, आणि तो त्यांनाच मारतो. शेतात अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू असतात, तशाच जातीचे जिवाणू गाळणयंत्रात वाढावे लागतात. त्यांना चार ते सहा आठवडे लागतात. मांसाहारी मासा घाणही जास्त करतो, म्हणून गाळण मोठी असावी. नळाच्या पाण्यात ग्रामपंचायत टीसीएल टाकते. ते पाणी एक दिवस उघडे ठेवून मगच वापरावे.

मासा कोणता? माझे मत विचाराल तर आपली मरळ. ती हवेतून श्वास घेते, त्यामुळे रात्री वीज गेली तरी लगेच दगावत नाही. मात्र तिला वर येऊन हवा घेता आली पाहिजे, म्हणून पाणी वीतभर कमी भरावे आणि झाकण वजनदार ठेवावे. मरळ उडी मारून बाहेर पडते व सकाळी जमिनीवर सापडते! एवढ्या टाकीत दोन, फार तर तीन पुरेत, आणि घेताना सारख्या आकाराच्या घ्याव्यात. एक जरी लांब असली तरी ती धाकटीला गिळते. पिल्ले तर भावंडांनाही सोडत नाहीत. खाद्य गांडुळे व ताज्या मासळीचे तुकडे. ओढ्यातले जिवंत मासे घालू नयेत, त्यांतून रोग येतात.

थाई मागूर कोणी स्वस्तात देऊ केला तर दारातूनच परत पाठवावा. त्याच्या पालनावर 2000 सालापासून बंदी आहे. आरापायमा किंवा मगरीसारख्या तोंडाचा अ‍ॅलिगेटर गार, हे विदेशी मासे पिल्लू असताना वीतभर असतात. पुढे माणसाहून लांब होऊ शकतात. मग टाकी पुरत नाही आणि लोक ते गुपचूप नदीत सोडतात. केरळात 2018 च्या महापुरानंतर नद्यांत आरापायमा जाळ्यात सापडले. श्रीनगरच्या दल सरोवरात 2023 साली अ‍ॅलिगेटर गार मिळाला. आपल्या तलावात असा मासा शिरला तर रोहू-कटल्याचे बीज टाकणाऱ्या मच्छीमार संस्थेचे वर्षाचे उत्पन्न कोणाच्या पोटात जाईल? वाढलेली मरळ निदान कालवणाला तरी होते.

मुलगा विदेशी माशासाठी अगदीच अडून बसला, तर मोठा झालेला मासा परत घेण्याचे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावे. तो लिहून देत नसेल तर तिथे खरेदी करू नये.