खोली कुणाची, सोबती कोण?

बारावीचा निकाल लागतो, प्रवेशाची धावपळ संपते, आणि मग घरात एके दिवशी ट्रंक भरायला काढतात. वडील फीचा हिशेब मांडीत असतात. मुलगा नव्या शहराची स्वप्ने पाहत असतो. आई मात्र डबा बांधता बांधता एवढेच विचारते, "खोलीत दुसरा कोण हाय रं?"

या प्रश्नाला घरात कुणापाशीच उत्तर नसते. गावच्या गुरुजींना विचारावे तर तेही म्हणतात, "ते तिकडं गेल्यावर कळंल." प्रश्न तर साधा नाही. प्राध्यापकांचा सहवास दिवसाचे चार-पाच तास. खोलीतल्या सोबत्याचा सहवास मात्र रात्रभर, आणि तोही त्याच्या घोरण्यासकट. वसतिगृहातली मुले त्याला 'पार्टनर' म्हणतात. शब्द काही खोटा नाही. दिवा, पंखा, आरसा आणि झोप या चार गोष्टींत तो खरोखरच भागीदार असतो. मुलीच्या बाबतीत तर घरच्यांना हा घोर अधिकच असतो.

तेव्हा हा पार्टनर ठरवतो कोण, आणि कशावरून, ते आज पाहू.

आधी दोन गोष्टी निराळ्या करून घेतल्या पाहिजेत. वसतिगृहात जागा मिळणे ही एक, आणि त्या जागेत अमुक खोली, अमुक सोबती मिळणे ही दुसरी. पहिली गोष्ट नियमांची आहे. गुण किती, राखीव जागा कोणती, घरचे उत्पन्न काय, गाव किती लांब, यांवर यादी लागते. पूर्वी ती फळ्यावर लागे, आता बहुधा मोबाइलवर येते. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर अनुसूचित जातीच्या पात्र विद्यार्थ्याला बाहेर राहण्या-जेवण्यासाठी स्वाधार योजनेतून पैसे मिळू शकतात. ही योजना २०१६-१७ पासून आहे. शिक्षकांनी ती मुलांच्या कानावर जरूर घालावी, कारण यादीत नाव नाही म्हणजे शिक्षण संपले, अशा समजुतीने परत फिरलेली मुले गावोगाव आहेत.

दुसरी गोष्ट, म्हणजे खोली, ती रेक्टरच्या हातात असते. शासकीय वसतिगृहात त्यांना गृहपाल म्हणतात. त्यांनाही एक बंधन आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांप्रमाणे पहिल्या वर्षाच्या मुलांना शक्यतो निराळ्या इमारतीत ठेवायचे असते. रॅगिंग होऊ नये म्हणून ही तजवीज. महाराष्ट्रात तर रॅगिंगविरुद्ध १९९९ पासूनच कायदा आहे. एवढे सांभाळले की पुढे रेक्टरसाहेब आपल्या रीतीने जातात. कुणी हजेरीपटाच्या क्रमाने दोन-दोन, तीन-तीन नावे घालतो, कुणी एका शाखेची मुले एकत्र करतो. आणि कुणी सरळ सांगतो, "तुमचं तुम्ही ठरवा, मला नावं आणून द्या."

आता तुम्ही म्हणाल, हेच बरे. ज्याला जो आवडतो त्याच्याबरोबर त्याला राहू द्यावे, म्हणजे तंटाच नाही. ऐकायला हे गोड लागते. पण डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ले या दोन अमेरिकन गणितज्ञांनी १९६२ साली एका छोट्या लेखात दाखवून दिले, की असे करून तंटा मिटेलच याची खात्री नाही. त्यांचे कोडे आपण आपल्या नावांनी मांडून पाहू.

समजा, चार मुले आहेत आणि दोघा-दोघांच्या दोन खोल्या आहेत. गणूला सर्वांत आवडतो हणमंत. हणमंताला सर्वांत आवडतो शिवा. शिवाला सर्वांत आवडतो गणू. चौथा आहे दगडू, आणि तो तिघांच्याही यादीत शेवटी आहे. आता रेक्टरने गणू-हणमंत एका खोलीत घातले आणि शिवा-दगडू दुसऱ्या. शिवाला दगडू नको आहे. तो हणमंताकडे जातो. हणमंताला तर शिवाच हवा होता, तो गणूला सोडून निघतो. झाले, गणू दगडूच्या खोलीत येऊन पडला. मग गणू शिवाकडे जातो. शिवाला गणूच हवा होता, तो हणमंताला सोडतो. आता हणमंत दगडूकडे. हणमंत उठतो आणि गणूला गाठतो, गणूचा जीव हणमंतावरच. म्हणजे फिरून पहिली जोडी जमली, आणि शिवा पुन्हा दगडूच्या वाट्याला! आयुष्यभर वळकट्या इकडून तिकडे हलवल्या तरी ही वरात थांबायची नाही.

गंमत अशी, की त्याच लेखात त्यांनी दुसरेही एक सिद्ध केले. एका बाजूला विद्यार्थी आणि दुसऱ्या बाजूला महाविद्यालये असे दोन निरनिराळे गट असले, तर कुणी कुणाला सोडून पळणार नाही अशी जुळणी नेहमीच करता येते. याच धाग्यावर पुढे बरेच काम झाले आणि शॅप्ले यांना २०१२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गेल २००८ मध्येच वारले होते. पण खोलीतले सोबती हे एकाच गटातले असतात, म्हणून तेथे अशी हमी देता येत नाही. कधी जुळते, कधी जुळत नाही. दिलेल्या यादीत ते जुळेल की नाही, हे झटपट तपासण्याची रीत रॉबर्ट आयर्विंग यांनी १९८५ मध्ये दिली.

गणिताने येथे हात टेकले. पण मला राहून राहून वाटते ते दगडूबद्दल. त्याची आवड काय, हे या कोड्यात विचारण्याची गरजच पडत नाही. तो सगळ्यांना नको आहे, एवढ्यावर सारे कोडे उभे आहे. तो का नको आहे, हे गणित सांगत नाही. खऱ्या वसतिगृहात मात्र ते सगळ्यांना ठाऊक असते.

अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाचीच गोष्ट घ्या. १९२२ साली तेथले अध्यक्ष लॉवेल यांनी ठरवले, की पहिल्या वर्षाच्या वसतिगृहात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना जागा द्यायची नाही. वर्गात बसावे, पण गोऱ्यांच्या सोबत राहू नये! मोठा गदारोळ झाला आणि १९२३ मध्ये विद्यापीठाच्या नियामकांना ठरवावे लागले, की रंगावरून कुणाला वगळता येणार नाही. पण त्याच ठरावात त्यांनी हेही घातले, की गोऱ्यांना आणि काळ्यांना एकत्र राहण्या-जेवण्याची सक्ती होणार नाही. दार उघडले, पण अर्धेच.

आणि आपल्याकडे? कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पुढे हाच पेच होता. सर्वांसाठी म्हणून काढलेल्या वसतिगृहात प्रत्यक्षात एकाच समाजाची मुले उरली, तेव्हा महाराजांनी निरनिराळ्या समाजांची निराळी वसतिगृहे उभी केली. मराठा विद्यार्थ्यांचे व्हिक्टोरिया बोर्डिंग १९०१ चे. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह निघाले. आज कुणी याला नावे ठेवील, पण त्या काळी त्या मुलांना डोक्यावर छप्पर मिळण्याची दुसरी वाट नव्हती.

मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगातला एक मुलगा गेला होता. परत आल्यावर त्याला आंघोळ करून शुद्ध व्हायला सांगितले, तर त्याने साफ नकार दिला आणि त्यापायी त्याला बोर्डिंग सोडावे लागले, असे सांगतात. तो मुलगा म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. ज्याला सोबत्यापायी खोली गमवावी लागली, त्याने पुढे १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९२४ साली साताऱ्याला शाहू बोर्डिंग उभे केले. तेथे सगळ्या जातींची पोरे एका छपराखाली राहत, एका पंगतीला जेवत. पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. तिकडे हार्वर्डने अर्धे दार उघडले त्याच्या दुसऱ्याच वर्षी साताऱ्यात हे चालू झाले, याचा आपण पुरेसा अभिमान बाळगीत नाही.

बरे, असे एकत्र ठेवल्याने होते काय? याचे उत्तर अलीकडे मोजून मिळाले आहे. जेथे सोबती चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरतात, तेथे हे मोजता येते, कारण कुणी कुणाला निवडलेले नसते. अमेरिकेतल्या एका मोठ्या विद्यापीठात चिठ्ठीने कृष्णवर्णीय सोबती मिळालेल्या गोऱ्या मुलांची मते पुढे अधिक मोकळी झालेली आढळली. तो अभ्यास २००६ चा. दक्षिण आफ्रिकेत केप टाउनला असाच अभ्यास झाला, तो २०२२ मध्ये छापून आला. गोऱ्या मुलांच्या मनातल्या खोट्या समजुती कमी झाल्याच, शिवाय मिश्र खोलीत राहिलेल्या कृष्णवर्णीय मुलांची परीक्षेतली प्रगतीही सुधारली.

मग सगळेच नशिबावर सोडावे काय? तसेही नाही. डार्टमथ नावाच्या महाविद्यालयात १९९० नंतरच्या दशकात नव्या मुलांना एक फॉर्म भरायला देत. त्यात जात-गाव काही नसे. तू धूम्रपान करतोस का, रात्री उशिरापर्यंत जागतोस का, अभ्यास करताना गाणी लावतोस का, नीटनेटका आहेस की पसारा घालतोस, एवढेच. उत्तरे सारखी असलेल्यांचे गठ्ठे करीत आणि गठ्ठ्याच्या आत जोड्या नशिबाने लावीत. मला ही रीत सर्वांत शहाणपणाची वाटते. झोप आणि दिवा यांचा मेळ बसवावा, बाकी चिठ्ठीवर सोडावे. त्याच मुलांवर २००१ साली एक प्रबंध निघाला. त्यात दिसले, की सोबत्याचा परिणाम गुणांवर होतो, पण थोडा. शिकण्याचा मुख्य विषय निवडण्यावर मात्र तो दिसला नाही. पोरगा पार्टनरच्या नादाने शाखा बदलील, ही धास्ती पालकांनी सोडायला हरकत नाही.

हार्वर्डही पुढे चिठ्ठीवरच आले. तेथल्या मोठ्या वसतिगृहांत खेळाडू एकीकडे, अमक्या वर्तुळातले दुसरीकडे, असे कप्पे पडले होते. म्हणून १९९६ पासून मुलांनी आपला लहान गट करायचा, हल्ली जास्तीत जास्त आठांचा, आणि त्या गटाला बारांपैकी कोणते वसतिगृह मिळेल ते चिठ्ठीने ठरायचे. चार मित्र बरोबर आणि शेजार अनोळखी!

आपल्या गावच्या मुलाला असा फॉर्म मिळाला, तर तो त्यालाच भरू द्या. बाप शेजारी बसला की प्रत्येक पोरगा पहाटे पाचला उठणारा होतो, आणि मग खऱ्या पहाटे उठणाऱ्याच्या गळ्यात पडतो. फॉर्म नसला तर पहिल्याच आठवड्यात दोघांनी दिवा कधी घालवायचा ते बोलून घ्यावे. पहिल्या चार रात्रींत फोन आला, "मला खोली बदलून पायजे," तर लगेच रेक्टरकडे धावू नये. घरची आठवण आणि सोबत्याचा राग, दोन्ही त्या दिवसांत सारखेच लागतात. पण चोरी, मारहाण, व्यसन, जातीवरून टोमणे, असे काही असेल तर एक दिवसही थांबू नये. रेक्टरकडे लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी. रॅगिंगसाठी देशभराचा मोफत फोन आहे, १८००-१८०-५५२२. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्या.

खोलीत शिरताना कॉट, टेबल, पंखा, खिडकीच्या काचा पाहून, मोडके काय ते लिहूनच सही करावी. नाहीतर वर्षाअखेर कुणाच्या तरी जुन्या मोडतोडीचे पैसे आपल्या अनामतीतून कापले जातात. आणि दाराचे कुलूप पुष्कळ ठिकाणी मुलांनाच आणावे लागते. ते तीन किल्ल्यांचे घ्या. एक मुलाच्या करगोट्याला, एक पार्टनरची, एक रेक्टरकडे.