चंद्रावरची राजमुद्रा आणि आपला मोबाइल

२३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले आणि अमरावती-अकोल्याच्या घराघरांत टाळ्या वाजल्या. लगोलग मोबाइलवर एक फोटो फिरू लागला. चंद्राच्या राखी मातीत एकीकडे इस्रोचे बोधचिन्ह आणि दुसरीकडे अशोकस्तंभावरील सिंहांची राजमुद्रा ठसठशीत उमटलेली! सम्राट अशोकाची खूण चंद्रावर पोचली, याहून आनंदाची बातमी आपल्या घरात कोणती असणार? अकोल्याच्या आत्याने तो फोटो आम्हाला पाठविला, आम्ही अमरावतीत चार घरी पाठविला. हा फोटो काढला कोणी, हे मात्र कुणीच विचारले नाही.

तो फोटो नव्हताच. एका कलावंताने संगणकावर तयार केलेले ते चित्र होते. 'प्रज्ञान' गाडीच्या मागच्या चाकांवर ही दोन्ही चिन्हे कोरलेली होती, एवढे खरे. पण ठसे स्पष्ट उमटलेच नाहीत, असे पुढे इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी सांगितले. तिथली माती धुळीसारखी भुरभुरीत नसून ढेकळांसारखी आहे, म्हणजे तिला काहीतरी धरून ठेवते आहे, असा त्याचा अर्थ. खरे ज्ञान हे होते! खोट्या चित्राच्या आनंदात ते आपल्या मुलांपर्यंत पोचलेच नाही.

कधी चित्र खरे असते, पण सोबतचा मजकूर खोटा असतो. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ आठवा. वऱ्हाडाच्या आकाशातून पेटते गोळे रांगेने सरकत गेले. लोकांनी गच्चीवरून केलेले चित्रण अस्सल होते. पण कुणी त्याला उल्कापात म्हटले, कुणी परग्रहावरची स्वारी. उल्का बहुधा एक-दोन सेकंदांत विझते. हे तुकडे सावकाश आणि एकाच दिशेने जात होते. चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी गावात धातूचे मोठे कडे पडलेले सापडले. ते चिनी अग्निबाणाचे अवशेष असावेत, असे अभ्यासकांनी सांगितले.

याच्या उलटही घडते. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाल्याचे फोटो आले, तेव्हा 'रंग भरलेला दिसतो' असे अनेकांना वाटले असेल. पण ते फोटो खरे होते. उपग्रहानेही तो रंग टिपला आणि खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे तो आल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने दाखवून दिले. तेव्हा सगळेच खोटे म्हणून मोकळे होणे हीसुद्धा तपासणी नव्हे.

मग घरच्या घरी पारख कशी करावी? पहिला प्रश्न : कॅमेरा कुठे होता? चंद्रावर त्या जागी तेव्हा यान आणि गाडी यांचेच कॅमेरे होते, आणि त्यांचे फोटो इस्रो आपल्या संकेतस्थळावर देते. तिथे नसेल तर थांबावे. दुसरा : सावल्या एकाच दिशेला पडतात का? चंद्रावरही सूर्य एकच आहे. तिसरा : तारीख आणि ठिकाण दिले आहे का? 'आज रात्री दिसेल, सर्वांना पाठवा' एवढेच असेल तर शंका घ्यावी. चौथा : तोच फोटो गुगल लेन्समध्ये टाकून पाहावा. जुना असेल तर बहुधा उघड होते. हे काम शाळेतल्या मुलामुलींकडे द्यावे, ती हौसेने करतील.

आणि जो फोटो पाहून ऊर भरून येतो, तो सर्वांत आधी तपासावा. नावडते चित्र आपण सहज तपासतो. आवडते मात्र तसेच पुढे जाते. आम्ही आत्याला फोन करून खरी हकीकत सांगितली. ती क्षणभर हिरमुसली, मग म्हणाली, "पण चाकावर तर व्हती ना राजमुद्रा?" होती, आत्या. तेवढे खरे आपल्याला पुरे आहे.