अंगावरची चरबीची गाठ: काढावी का, आणि काढली तर काय सांभाळावं?



मागच्या आठवड्यात संघात हिशोब चालू असताना एका सभासदाने खांद्यावरची गाठ दाखवली. लिंबाएवढी. दुखत नाही, पण माशांची बुट्टी खांद्यावर घेतली की तिथंच घासते. कोणी म्हणालं बिब्बा लाव, कोणी म्हणालं कापली तर कॅन्सर होतो. दोन्ही चूक. म्हणून हे लिहितोय.

चरबीच्या गाठीला डॉक्टर लायपोमा म्हणतात. ती मऊ असते, बोटाने दाबली की सरकते आणि हळूहळू वाढते. बहुतेक वेळा 40 ते 60 वयात दिसते. हा कॅन्सर नाही आणि कापल्याने कॅन्सर होत नाही. त्रास नसेल तर तशीच ठेवली तरी चालते.

पण गाठ 5 सेंटीमीटरपेक्षा मोठी असेल, भराभर वाढत असेल, कडक असेल, दुखत असेल, सरकत नसेल किंवा काढून परत आली असेल तर लगेच दाखवा. क्वचित कॅन्सरची गाठही सुरुवातीला अशीच दिसते. आधी सोनोग्राफी, गरज पडली तर एमआरआय किंवा तुकड्याची तपासणी, मगच कापणं.

लहान गाठ असेल तर तेवढ्याच जागी भूल देऊन काढतात, बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी सोडतात. धोका कमी, पण आहे: रक्त साचणं, पाणी भरणं, पू होणं, व्रण राहणं, जवळची नस दुखावून बधिरपणा येणं. मान, काख, हात इथं नसा जवळ असतात, म्हणून सर्जनकडूनच काढून घ्या. बिब्बा, डाग, ब्लेड, घरगुती कापाकापी अजिबात नको. काढलेली गाठ तपासणीला पाठवा म्हणून सांगा आणि रिपोर्ट जपून ठेवा.

शुगर, बीपी, औषधाची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर तीही सांगा, पण आपल्या मनाने बंद करू नका.

आता आपल्या धंद्याची गोष्ट. टाके असताना तळ्यात, धरणात उतरायचं नाही. नीरसागर असो की मलप्रभेचं धरण, ते पाणी जखमेला चांगलं नाही. पाठीचे, खांद्याचे टाके साधारण 10 ते 14 दिवसांनी काढतात. त्यानंतरही जाळं ओढायला कधी जायचं ते डॉक्टरला विचारूनच. जोर लावला तर जखम उघडते. लाली, सूज, पू किंवा ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

नावमालकांना विनंती: माणसाला तेवढे दिवस नावेवर बोलवू नका. काठावर वजन करणं, जाळं शिवणं असं हलकं काम द्या. पण खांद्याला टाके असतील तर तेही डॉक्टरला विचारूनच. रोज बुडेल या भीतीनेच माणूस टाके ओले करतो.

हुबळीत केएमसीआरआयच्या (पूर्वीचं किम्स) सर्जरी ओपीडीत दाखवता येतं. आधार आणि रेशन कार्ड बरोबर ठेवा. तातडीचं नसेल तर पावसाळ्यात काम कमी असताना करून घ्या.

घरात कोणाला गाठ असेल तर लपवू नका. आधी दाखवा, मग ठरवा.

आपला,
सचिव