घरातील परवानाधारक शस्त्र: कुलूप, किल्ली आणि जबाबदारी

प्रतिनिधी, मुंबई

१ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे अभिनेते गोविंदा कोलकात्याला जाण्याच्या तयारीत होते. जुहू येथील घरात परवानाधारक रिव्हॉल्वर ठेवत असताना ते हातातून निसटले आणि सुटलेली गोळी त्यांच्या पायात शिरली, असे त्यांच्या व्यवस्थापकाने त्या वेळी सांगितले. शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांत ते घरी परतले. या अपघातात ना चोर होता ना शत्रू. शस्त्र त्यांच्या स्वतःचे आणि कायदेशीर होते. स्वसंरक्षणासाठी आणलेले शस्त्र प्रत्यक्ष वापराची वेळ कधीच न येता वर्षानुवर्षे कपाटात असते. त्यामुळे धोक्याची खरी जागा बहुधा रस्ता नसून ते कपाटच असते.

परवाना मिळविण्यासाठी कोणते कागद लागतात याची चौकशी अनेकजण करतात. मात्र शस्त्र घरी आल्यावर ते कोठे, कसे आणि कोणापासून दूर ठेवायचे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्या प्रश्नाची उत्तरे येथे देण्याचा प्रयत्न केला आहे.

कायदा काय सांगतो?

आपल्याकडे शस्त्र बाळगणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनुसार परवाना मिळाला तरच ते बाळगता येते. मुंबईसारख्या आयुक्तालयात पोलीस आयुक्त, तर जिल्ह्यात जिल्हाधिकारी परवाना देतात. बंदुक, रिव्हॉल्वर यांसारख्या अग्निशस्त्रांसाठी अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते. २०१९ मधील दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची संख्या सर्वसाधारणपणे तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली.

२०१६ च्या नियमांत शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे. शस्त्राची सुरक्षित साठवण आणि वाहतूक हा त्या प्रशिक्षणाचाच भाग आहे. परवान्यातील अटींचा भंग झाल्यास अधिनियमाच्या कलम ३० नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. याशिवाय परवाना निलंबित वा रद्द होऊ शकतो तो वेगळाच.

येथे एक मुद्दा ध्यानात ठेवला पाहिजे. परवाना व्यक्तीच्या नावाने असतो, घराच्या नावाने नव्हे. आपल्या अनुपस्थितीत घरातील दुसऱ्या कोणाला शस्त्र सहज हाती लागत असेल, तर ते आपल्या ताब्यात आहे असे म्हणणे कठीण आहे. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईच्या उत्तर उपनगरात माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली. हल्लेखोराने वापरलेल्या पिस्तुलाचा परवाना त्याच्या खासगी अंगरक्षकाच्या नावावर होता, असे पोलीस तपासात पुढे आले. त्या अंगरक्षकाला शस्त्र कायद्याखाली अटकही झाली. परवानाधारकाचे शस्त्र दुसऱ्याच्या हाती पडले तर काय होऊ शकते, याचे यापेक्षा ठळक उदाहरण नसावे.

आधी रिकामे, मग कुलूपबंद

साठवणीचे सूत्र तीन भागांचे आहे. शस्त्र रिकामे असावे, ते कुलूपबंद असावे आणि काडतुसे वेगळ्या जागी, वेगळ्या कुलपात असावीत.

शस्त्र रिकामे करताना बोट चापापासून दूर आणि नळी जिकडे कोणी नाही अशा दिशेला असली पाहिजे. फ्लॅटमध्ये पातळ भिंतीपलीकडे शेजारी असतात याचा विसर पडू नये. पिस्तुलाच्या बाबतीत सर्वांत घातक गैरसमज म्हणजे मॅगझिन काढले की पिस्तूल रिकामे झाले, हा होय. मॅगझिन काढल्यावरही एक काडतूस चेंबरमध्ये शिल्लक असू शकते. म्हणून आधी मॅगझिन बाहेर काढावे, नंतर स्लाइड मागे खेचावी आणि चेंबर डोळ्यांनी पाहून, बोटाने चाचपून खात्री करावी. हा क्रम उलटा झाल्यास मॅगझिनमधील नवे काडतूस पुन्हा चेंबरमध्ये जाते.

रिव्हॉल्वरमध्ये सिलिंडर उघडून सर्व काडतुसे काढावीत आणि ती मोजावीत. कानपूरला तयार होणारे .३२ चे रिव्हॉल्वर मधोमध मोडून उघडते, त्यामुळे तपासणी सोपी जाते. जुन्या बनावटीच्या काही रिव्हॉल्वरमध्ये घोडा थेट काडतुसाच्या मागील बाजूवर टेकलेला असतो. असे शस्त्र जमिनीवर पडल्यास चाप न ओढताही गोळी सुटू शकते. भरलेले शस्त्र कपाटात ठेवताना वा काढताना होणाऱ्या अपघातांचे हे एक कारण आहे.

कपाट पुरेसे आहे काय?

अनेक घरांत शस्त्र लोखंडी कपाटाच्या चोरकप्प्यात, दागिन्यांशेजारी ठेवले जाते. त्या कपाटाची किल्ली मात्र साड्यांच्या घडीखाली किंवा खिळ्याला अडकवलेली असते आणि ती कोठे असते हे घरातील लहान मुलालाही ठाऊक असते. शिवाय चोर प्रथम हात घालतो तो याच कप्प्यात. शस्त्रासाठी स्वतंत्र पोलादी तिजोरी असावी आणि ती भिंतीत किंवा जमिनीत बोल्टने घट्ट बसवावी. सुटी छोटी तिजोरी चोर आख्खी उचलून नेऊ शकतो. किल्ली किंवा सांकेतिक क्रमांक फक्त परवानाधारकाकडेच असावा. वाढदिवस किंवा गाडीचा क्रमांक यांसाठी वापरू नये. बोटाच्या ठशावर उघडणारी तिजोरी असल्यास बॅटरी वेळोवेळी बदलावी आणि पर्यायी किल्लीही तितक्याच काळजीने ठेवावी.

मॅगझिनच्या जागेतून किंवा नळीतून ओवायचे तारेचे कुलूप हा जादा उपाय आहे. चापाला लावायचे कुलूप केवळ रिकाम्या शस्त्रालाच लावावे. भरलेल्या शस्त्राला ते लावताना चाप दाबला जाण्याचा धोका असतो.

कोकणपट्टी आणि मुंबईच्या दमट हवेत आणखी एक काळजी घ्यावी लागते. चामड्याचे आवरण ओल धरते, त्यामुळे शस्त्र त्यात ठेवून दिल्यास गंज चढतो. हलके तेल लावून, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ते ठेवावे. काडतुसांना मात्र तेल लागू देऊ नये.

मुले आणि कुतूहल

‘आमच्या मुलांना हात लावायचा नाही असे बजावले आहे,’ हे उत्तर बहुतेक घरांत मिळते. ते किती भरवशाचे आहे? अमेरिकेतील अटलांटा येथील एका अभ्यासाचे निष्कर्ष २००१ मध्ये बालरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ८ ते १२ वर्षांच्या मुलग्यांचे २९ गट एका खोलीत बसविण्यात आले. तेथील खणात निकामी केलेले खरे पिस्तूल लपविले होते. २१ गटांना ते सापडले, १६ गटांनी ते हाताळले आणि १० गटांतील किमान एका मुलाने चाप ओढला. पिस्तूल हाताळणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांना शस्त्राच्या धोक्याविषयी आधी सांगितलेले होते. उपदेश आवश्यक आहे, पण तो कुलपाची जागा घेऊ शकत नाही. २००५ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकातील अभ्यासातही शस्त्र रिकामे व कुलूपबंद असणे आणि काडतुसे वेगळी व कुलपात असणे यांचा संबंध मुलांमधील अपघात व आत्महत्या कमी असण्याशी आढळला.

हा शेवटचा मुद्दा प्रौढांनाही लागू आहे. घरात कोणी नैराश्यात असेल, दारूच्या आहारी गेले असेल किंवा कौटुंबिक वाद विकोपाला गेला असेल, तर शस्त्र काही काळ घराबाहेर हलविणे हाच शहाणपणा होय. रीतसर पावती घेऊन ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करता येते. मानसिक आधारासाठी शासनाची ‘टेली मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

मग स्वसंरक्षणाचे काय?

शस्त्र कुलपात आणि काडतुसे दुसऱ्या कुलपात असतील तर चोर आल्यावर उपयोग काय, अशी शंका स्वाभाविक आहे. ती निराधार नाही. कुलूप उघडायला काही क्षण जातातच. परंतु चोर आला तर तो एखाद्या रात्री येईल. मुले, पाहुणे आणि घरकामाला येणारी माणसे घरात रोज असतात. वेळ कमी लागावा म्हणून चटकन उघडणारी तिजोरी घ्यावी आणि ती उघडण्याचा सराव करावा. उशीखाली भरलेले शस्त्र ठेवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. मजबूत दार, साखळी, चांगला दिवा आणि जागरूक शेजारी यांमुळे तेवढा वेळ मिळतो.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा अधिकार मान्य केला आहे. मात्र बचावासाठी आवश्यक तेवढ्यापेक्षा अधिक इजा करण्यास हा अधिकार परवानगी देत नाही. अंधारात चाहुलीच्या दिशेने झाडलेली गोळी उशिरा घरी आलेल्या मुलालाही लागू शकते.

गावी जाताना, आणि नंतरही

दीर्घकाळ घर बंद राहणार असल्यास शस्त्र रीतसर जमा करावे. ते चोरीस गेल्यास किंवा हरवल्यास विलंब न लावता नजीकच्या पोलीस ठाण्यात कळवावे. परवान्याची प्रत आणि शस्त्राचा क्रमांक वेगळ्या जागी नोंदवून ठेवल्यास अशा वेळी उपयोग होतो.

परवानाधारकाच्या निधनानंतर शस्त्र आपोआप वारसाचे होत नाही. ते विलंब न लावता जमा करून वारसाने स्वतःच्या नावे परवान्यासाठी अर्ज करायचा असतो. ‘आजोबांची आठवण’ म्हणून माळ्यावर ठेवलेले रिव्हॉल्वर कायद्याच्या दृष्टीने विनापरवाना शस्त्रच ठरते. म्हणून घरात शस्त्र आहे आणि आपल्या पश्चात त्याचे काय करायचे, हे कुटुंबातील एका जबाबदार व्यक्तीला सांगून ठेवावे. किल्ली कोठे आहे, हे मात्र सांगू नये.